वाकड्या बोटाचा हात

प्रिय रंधा,

तुझं पत्र येऊन इतके महिने झाले की आता उत्तर लिहायलाही तोंड राहिलं नाही. आधी म्हटलं थंडी सरू दे, बोटं आखडतात. मग चष्म्याची काडी तुटली. मग नातीची परीक्षा आली आणि टेबल तिच्या ताब्यात गेलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही खरं कारण नाही. उशिराबद्दल माफ कर. माफी मागण्यासारखं पुढे बरंच आहे, म्हणून ही पहिली आत्ताच उरकून घेतो.

आधी एक कर. हे पत्र पोराकडून वाचून घेऊ नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. खुर्चीत मान मागे टाकायची आणि म्हणायचं, वाच रे बाबा, काय रडगाणं गातोय ओळंबा ते. या खेपेला उठून चष्मा शोध, दार लोटून घे आणि स्वतः वाच. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही म्हणून तू तो मोठ्या आवाजावर लावतोस आणि सगळं घर ऐकतं. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीवर औषध सांगायला तुझी सून आली होती फोनवर. अक्षर वाईट आहे, चुकाही असतील. एरवी नात तपासून देते, पण हे तिला दाखवलेलं नाही.

आमच्याकडचं म्हणशील तर बरं चाललंय. मुलगी अजून त्या इस्पितळात, चादरी धुण्याच्या खात्यात. हातांना सोडा खातो, पण पगार वेळेवर होतो. जावई बस चालवतो. भला माणूस आहे. मला काही म्हणजे काही करू देत नाही. बसा बाबा, बसा बाबा, असं इतकं चालतं की त्या खुर्चीला आता माझा आकार आलाय. न्हाणीघराच्या भिंतीचा गिलावा फुगला होता, तो मी सगळे कामावर गेल्यावर खरवडून नव्याने केला. संध्याकाळी मुलगी रागावली आणि मग बराच वेळ त्या भिंतीवरून हात फिरवत उभी राहिली. तेवढाच मला आनंद. नाहीतर दिवसभर काय, खिडकी आणि मी. तुला माझा स्वभाव माहीतच आहे. भिंत सरळ दिसत असली तरी मी दोरी सोडून बघणार. निर्वासितांच्या छावणीतल्या सुतारखान्यात तू पहिल्याच आठवड्यात मला ओळंबा म्हणालास आणि तेच नाव पडलं. तू बोललास की समोरच्याची साल निघायची, म्हणून तू रंधा. आपली खरी नावं छावणीत किती जणांना माहीत होती, कोण जाणे.

तर सांगतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे आणि त्याला लागून एक मोठी खोली. मागच्या वर्षी तिथे विद्यापीठातल्या एक बाई आल्या. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, पण बोलणं मऊ आणि ऐकून घेण्याची भारी ताकद. त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या घरदार सोडून आलेल्या लोकांना आजवर परके येऊन प्रश्न विचारत राहिले, आणि तुमच्या गोष्टींची पुस्तकं त्यांनी लिहिली. या वेळी तसं नको. काय विचारायचं, काय सांगायचं, काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुम्हीच ठरवायचं. याला सहभागी संशोधन म्हणतात. आम्हाला प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, त्यावर लिहिलेलं, सह-संशोधक. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस! मी ते कार्ड घरी आल्यावरही काढेना. नात म्हणाली, आजोबा, झोपताना तरी काढा, की घोरण्यावरही संशोधन चालू आहे?

नियम आम्ही मिळूनच ठरवले होते. गोल बसायचं. ज्याची पाळी येईल त्याने स्वतःचीच गोष्ट सांगायची, दुसऱ्याची नाही. मध्ये कुणी टोकायचं नाही. सांगायचं नसेल तर नुसतं 'पुढे' म्हणायचं, का ते कोणी विचारणार नाही. 'दुसऱ्याची नाही' या नियमाला हात वर करणारा मीही होतो. ज्याने गोष्ट सांगितली त्याच्या हाताचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, आणि प्रदर्शनात तो हात मांडून शेजारी कानाला लावायचं यंत्र ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला हात दिसेल आणि आवाज ऐकू येईल. नाव नाही, चेहरा नाही. प्लास्टर म्हटल्यावर माझ्या अंगात संचारलं. बाईंचे मदतनीस भुकटीवर पाणी ओतत होते आणि गुठळ्या करत होते. मी म्हटलं, व्हा बाजूला. आधी पाणी, मग त्यात भुकटी भुरभुरवायची, ती वर बेटासारखी दिसू लागली की थांबायचं, आणि मग हलक्या हाताने ढवळायचं. सगळ्यांचे हात मीच ओतले. कित्येक वर्षांनी लोक मला विचारून काम करत होते, रंधा. मला आवडलं ते.

पण माझी पाळी आली की मला प्लास्टरची भांडी धुवायची आठवण व्हायची. सुरुवातीला मी 'पुढे' म्हणत राहिलो. मग एकदा वाटलं, आपण संशोधक ना, आणि आपलीच पाटी कोरी? म्हणून सांगितलं खरं ते. बायको लढाईच्या आधीच आजारात गेली होती. मुलगी लग्न होऊन इकडे आलेली. मी एकटा, ओळखीच्या एका गादीवाल्याच्या टेम्पोत बसलो, मऊ गाद्यांवर आडवा झालो आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा सरहद्द मागे पडली होती आणि एक शिपाई मला पाण्याची बाटली देत होता. एवढंच. आमच्यात एक जुना ट्रकड्रायव्हर आहे, तो न राहवून म्हणाला, अहो काका, तुम्ही तर सहलीला आलात की! सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या, हीसुद्धा गोष्टच आहे, आणि तीही मोलाची आहे. पण त्यांनी माझा हात ओतायचा विषय काढला नाही, आणि मी तो विचारला नाही.

आता तू म्हणशील, दुःख कमी पडलं म्हणून कुणाला लाज वाटते का? मला वाटली. तिथे एक शिंपीण यायची, तिची गोष्ट ऐकून लोकांना घरी जाऊन जेवण गेलं नाही. ट्रकड्रायव्हर पाठ उघडी करून दाखवायचा. आणि मी? गाद्यांवर झोपून आलेला. त्या वर्तुळात माझी खुर्ची मला इतरांपेक्षा ठेंगणी वाटू लागली. इतकी वर्षं निर्वासित म्हणून शिधा खाल्ला, कागद मिळवले, खोली मिळवली, आणि त्याची किंमत म्हणून दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

छावणीच्या स्वयंपाकघराचं दार आठवतं तुला? चौकट ओलीने फुगली होती आणि दार बसत नव्हतं. मी चौकटीच्या कडेचा गिलावा भरत होतो, तू दाराची कड तासत होतास. पोरगा पलीकडे भुशात खेळत होता, चाकं नसलेल्या गाडीशी. आणि तू मान वर न करता म्हणालास, दोर तुटला नव्हता रे. मी थापी खाली ठेवली. मग तू नदीचं सगळं सांगितलंस. पाणी छातीपर्यंत. एका हातात दोर, दुसऱ्या हातात वहिनींचा हात, खांद्यावर पोर. वहिनींचे पाय सुटले, त्यांचं सगळं वजन तुझ्या हातावर आलं, आणि खांद्यावरचं पोर एका बाजूला घसरू लागलं. त्याला धरायला तुला एक हात हवा होता. दोराचा सोडला असतास तर तिघंही गेले असते. तू म्हणालास, तिने सोडला नाही हात, मी सोडला. पोराला मी सांगितलंय, दोर तुटला. तेवढ्यात दार बेताचं झालं होतं. तू ते उचलून लावून पाहिलंस आणि म्हणालास, आता बिजागरी दे. त्यानंतर तो विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस आणि मीही नाही. मी तुला तसा शब्द दिला नव्हता हे खरं. तू मागितलाच नव्हतास. बिजागरी मागितलीस, ती मी दिली, आणि मला वाटतं त्यातच सगळं आलं होतं.

तुला आता कळलं असेल मी कुठे चाललोय ते. पुढचं लिहिण्याआधी मी उठून पाणी पिऊन आलो.

त्या दिवशी शिंपिणीचं बोलणं संपलं आणि पाळी माझ्याकडे आली. माझ्या ओठांवर 'पुढे' आलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, त्यांना दोष नाही. मी तोंड उघडलं आणि तुझं वाक्य बाहेर आलं. दोर तुटला नव्हता. ते एक वाक्य बाहेर पडल्यावर मागचं सगळं आपोआप आलं, जणू मीच त्या पाण्यात उभा होतो. माझी बायको, माझ्या खांद्यावर पोर, माझा हात. तू सांगितलंस तसंच, तुझ्याच शब्दांत. मी रडलोसुद्धा, रंधा. खोटं रडलो नाही. ते कशासाठी होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरचं लिहिताना मान खाली जाते, पण लिहितो. गाद्यांची गोष्ट मी हे लपवायलाच सांगितली होती, असं सगळ्यांनी धरलं. मग शिंपिणीने आपली खुर्ची माझ्याजवळ सरकवली. ट्रकड्रायव्हर निघताना थांबला आणि म्हणाला, काका, त्या दिवशी हसलो, मला माफ करा. चहा पहिला मला मिळू लागला. बाई म्हणाल्या, इतके दिवस तुम्ही हे एकट्याने वागवलंत? आणि मी मान हलवली. मला गोड लागलं ते. दुःख तुझं, माझ्या वाट्याला त्यावरची साय आली. दुसऱ्या दिवशी माझा हात ओतला, उजवा, ज्याने सोडलं तो हात म्हणून. मिश्रण मीच कालवलं. एकही बुडबुडा आला नाही त्यात.

थांबण्याची संधी मिळाली नाही असंही नाही. त्यांच्या कामाची रीतच अशी आहे की ज्याने त्याने आपलं बोलणं पुन्हा ऐकायचं आणि नको ते काढून टाकायला सांगायचं. मी बाईंच्या शेजारी बसून ते ऐकलं. त्यांनी विचारलं, काही काढायचंय? अगदी सगळं काढलंत तरी चालेल, गोष्ट तुमची आहे. 'गोष्ट तुमची आहे' हे त्यांनी दोनदा म्हटलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, पाणी फार गार होतं, ते सांगायचं राहिलं, ते घाला. तू मला पाणी गार होतं असं कधी सांगितलंही नव्हतंस. ते मी माझ्या पदरचं घातलं. चोरीच्या भांड्याला वर कल्हईसुद्धा केली.

मनाची समजूत घालत होतो, नाव नाही, चेहरा नाही, कुणाला काय कळणार? मग समजलं की प्रदर्शन आता गावोगाव फिरणार आहे, आणि त्यात तुमचंही शहर आहे. सभागृह तेच, जिथे पोरगा दिव्यांचं काम करतो असं तू मोठ्या अभिमानाने लिहिलं होतंस. तुझं ते पत्र माझ्या उशाशी होतं, रंधा. मी ते उलटं करून ठेवलं. म्हटलं, तो दिवे लावेल आणि जाईल, कानाला यंत्र कशाला लावतोय. उत्तर लिहायला इतका उशीर झाला तो यामुळे. चष्म्याची काडी तर तुटली त्याच दिवशी जोडून घेतली होती.

माझं बोट मात्र मी विसरलो होतो. सुतारखान्यात तू करवत धरली होतीस आणि मी शहाणपणा करून फळी धरायला गेलो, तेव्हापासून वाकडं ते वाकडं. पोरगा लहानपणी त्याच बोटाला लोंबकळायचा आणि त्याला हँडल म्हणायचा. बाईंनी नाव लपवलं, चेहरा लपवला, पण बोट लपवायचं कुणाला सुचणार? तो त्या हातावर दिवा बसवायला गेला आणि त्याने हँडल ओळखलं. मग यंत्र कानाला लावलं.

त्याचा फोन आला तेव्हा मी घरी एकटाच होतो. मी ताबडतोब खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर बूट न घालता, चपलांवरच खाली वाचनालयात गेलो आणि बाईंना सांगितलं की ती गोष्ट माझी नाही. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं ओरडतील, कार्ड काढून घेतील. त्या म्हणाल्या, तुम्ही गाद्यांची गोष्ट सांगितलीत तेव्हा मी तुमचा हात ओतायला हवा होता. मी वाट बघत राहिले, आणखी काहीतरी निघेल म्हणून. ही माझी चूक आहे. मी म्हटलं, तुमची तुमच्यापाशी ठेवा, माझी मला पुरून उरेल. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून ते यंत्र बंद करायला सांगितलं. ते यंत्र बंद का पडलं हे बघायला बोलावतील तुझ्याच पोराला, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. हसू नकोस. किंवा हस, तुझा हक्क आहे. बाई पुढे म्हणाल्या, आवाज मी थांबवू शकते, पण ती गोष्ट कायमची पुसायची, की कुठे नाव न घेता ठेवायची, की ज्याची आहे त्याने स्वतः सांगायची, हे तुम्हीही ठरवू शकत नाही आणि मीही नाही. त्यांना विचारा. ते काही बोलले नाहीत तर ते हो समजायचं नाही.

तर विचारतोय. पण यंत्र बंद करून काय झालं? पोराच्या कानात गेलेला आवाज कसा काढू? तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुला तिथे घेऊन जाणार आहे, फोनवरच म्हणाला. तुला सांगणार नाही कशासाठी. त्याला वाटतंय, आपल्या म्हाताऱ्याला कळू दे की नदीत बायको गमावलेला तो एकटाच नाही, त्याचा जिवलग दोस्तही त्यातलाच, म्हणजे दोघं तरी एकमेकांशी बोलतील. आवाज नसला तर तो तुला स्वतः सांगेल. त्या दिव्याखाली, त्या हातापुढे उभा करून तुझी गोष्ट तुलाच सांगेल, माझी म्हणून. तुझ्या तोंडाकडे बघत सांगेल. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून लिहायला बसलो.

आणि आणखी एका गोष्टीसाठी. तो फोनवर काय बोलला ते तुझं आहे, ते मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही. तो म्हणाला, काका, आमचा दोर तुटला होता, तुमचा तुटला नाही, हे जास्त वाईट. मग विचारलं, खांद्यावरचं पोर म्हणजे तुमची मुलगी ना? ती लढाईआधीच लग्न होऊन इकडे आली होती, हे त्याला कुठलं माहीत! मी हं म्हटलं. तो म्हणाला, तिला माहीत आहे? नसेल तर सांगून टाका. मी तिच्या जागी असतो तर मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, रागावली तर? तर तो हसला, तुझ्यासारखंच, नाकातून. म्हणाला, रागावेल की. मीसुद्धा रागावलो असतो. आठवडाभर बाबांशी बोललो नसतो. मग एके दिवशी जेवायला बसल्यावर म्हटलं असतं, हात माझ्यासाठीच सोडलात ना, मग आता एकटेच कशाला बसता तिकडे तोंड करून, या इकडे. रंधा, हे त्याने मला म्हटलं. मी फोन कानाला लावून हो, हो म्हणत राहिलो आणि ते सगळं गिळलं. तुझी गोष्ट चोरली त्याची लाज आहेच. पण ही माफी तुझ्या वाट्याची होती आणि ती मी घेतली, याची लाज मला झोपू देत नाही. त्याने म्हटलं ते जसंच्या तसं वर लिहिलंय, माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. पोराला त्या रविवारआधी तू सांगायचंस, की मी फोन करून खोटा ठरायचं, की दोघांनीही गप्प राहायचं, तू म्हणशील तसं. तोवर मी कुणाशी काही बोलत नाही. फक्त एक ओळ पाठव. शिवी असली तरी चालेल, तुझ्या शिव्यांची मला सवय आहे. पण रविवारच्या आत पाठव रे, मी रोज खाली जाऊन टपालपेटी बघतोय.

तुझाच,
ओळंबा